योनाच्या गोष्टीवर मुलांचं म्युझिकल बसवतोय, शेवटचा भाग ठेवावा की कापावा?

संगीतवर्ग

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते. तेरा ते सोळा वयाची साधारण चाळीस मुलं आहेत, पाऊण तासाचा वेळ मिळालाय आणि गोष्ट घेतलीये बायबलमधली योनाची. गाणी आम्हीच लिहितोय, चाली मी आणि दोन मोठी मुलं मिळून बांधतोय, कीबोर्ड आणि तालवाद्यंसुद्धा मुलंच वाजवणार.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: देव योनाला सांगतो की निनवे शहरात जा आणि त्यांना बजाव, तुमचे दिवस भरलेत. हा उलट्या दिशेला तार्शीशला जाणारं जहाज पकडतो, समुद्रात वादळ होतं, खलाशी चिठ्ठ्या टाकतात, ह्याचंच नाव निघतं, हाच म्हणतो मला उचलून समुद्रात टाका, मग मोठा मासा गिळतो, तीन दिवस तीन रात्री पोटात, मग किनाऱ्यावर, मग निनवेत जाऊन चाळीस दिवसांची मुदत सुनावतो आणि अख्खं शहर, राजापासून गुराढोरांपर्यंत, पश्चात्ताप करतं आणि देव शिक्षा मागे घेतो. इथपर्यंत तीन अध्याय. चौथ्यात योना चिडून शहराबाहेर जाऊन बसतो, सावलीसाठी एक वेल उगवतो, किडा लागून तो वाळतो, योना म्हणतो मला मरण दे, आणि देव त्याला एक प्रश्न विचारतो. तिथे पुस्तकच संपतं. योनाचं उत्तर नाही.

आता आमच्यात वाद हा आहे की सहकारी म्हणतात निनवे वाचलं की सगळ्यांनी मिळून एक दणदणीत गाणं म्हणायचं आणि पडदा. चौथा अध्याय मुलांना झेपणार नाही, पालकांना वाटेल नाटक अर्धवटच राहिलं. मला तो भाग सोडवत नाहीये पण का ते धड सांगताही येत नाही. शिवाय मासा कसा दाखवायचा, देवाचा आवाज कुणी द्यायचा, आणि योना करणाऱ्या मुलाचा आवाज फुटायला लागलाय त्याचं काय करायचं हे प्रश्न आहेतच. ज्यांनी मुलांबरोबर असं काही केलंय त्यांनी प्लीज लिहा.

विंगेतून

चौथा अध्याय कापू नका, अजिबात कापू नका. तुम्हाला का सोडवत नाहीये ते मी सांगतो. योना का पळाला हे पहिल्या तीन अध्यायांत कुठेच सांगितलेलं नाही, पुन्हा वाचून बघा. देव म्हणतो जा, हा उठतो आणि पळतो, बस. आपण सगळे मनातल्या मनात भरून टाकतो की घाबरला असेल, मोठं शहर, क्रूर लोक, जीव प्यारा. पण खरं कारण तो चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात स्वतःच्या तोंडाने सांगतो की मला माहीतच होतं तू दयाळू आहेस, तू त्यांना माफ करणार, म्हणून तर मी पळालो होतो. म्हणजे हा माणूस मरणाला भ्यायलेला नाहीच, वादळात तर स्वतः म्हणाला मला टाका पाण्यात. त्याला भीती होती ती शत्रूला माफी मिळण्याची. हे काढलंत तर उरते एका भित्र्या माणसाची गोष्ट ज्याला माशाने वळण लावलं, आणि त्या गोष्टीत मुलांना करण्यासारखं काही नाही.

योनाचा हा राग समजायला मुलांना थोडा इतिहास सांगावा लागेल. निनवे हे अश्शूरी साम्राज्याचं शहर, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ, आणि ह्याच अश्शूरी लोकांनी इ.स.पू. ७२२ च्या सुमारास योनाच्या देशाचं, म्हणजे उत्तरेच्या इस्राएल राज्याचं, राजधानीचं शहर शोमरोन पाडलं आणि माणसं हाकलून नेली. बायबलमध्ये योना संदेष्ट्याचा उल्लेख ह्या पाडावाच्या आधीच्या काळातल्या राजाबरोबर येतो, पण गोष्ट ऐकणाऱ्या माणसाला निनवे म्हटलं की हे सगळं आठवणारच. निनवेच्या राजवाड्यात सापडलेली दगडी शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यात दक्षिणेच्या यहूदा राज्यातल्या लाखीश शहराला अश्शूरी सैन्याने घातलेला वेढा कोरलाय, इ.स.पू. ७०१ मधला. माणसं बांधून नेतायत, मारतायत, सगळं तपशिलात, आणि हे राजाने अभिमानाने भिंतीवर लावलेलं. त्याचे फोटो मोठ्या मुलांना एकदा दाखवा आणि मग विचारा, ह्या लोकांना माफी द्यायची का? तुमचा चौथा अध्याय तिथेच तालमीत उभा राहील, पंधरा वर्षांच्या पोरांना हा प्रश्न आपल्यापेक्षा जास्त कळतो, त्यांच्या जगात कोण कुणाला माफ करतं ह्यावर रोज महायुद्ध चालू असतं.

आता म्युझिकल म्हणून एक सुचवतो. पळण्याचं कारण सुरुवातीलाच गाण्यात सांगून टाकू नका. जहाजावर खलाशी त्याला विचारतात ना, तुझा धंदा काय, तू कुठून आलास, तुझा देश कोणता, लोक कोण, तिथे तो उत्तरं देतो, मी इब्री (म्हणजे ज्यू) आहे, समुद्र आणि जमीन करणाऱ्या देवाला भजतो वगैरे, मग एखाद्या खलाशाला विचारू द्या, अरे पण मग पळालास का? तिथे योनाने शब्द न उच्चारता नुसती एक धून गुणगुणायची. माशाच्या पोटात पुन्हा तीच धून थोडी लांबवून. आणि चौथ्या अध्यायात त्याच धुनेला पहिल्यांदा शब्द येतात. प्रेक्षकाच्या कानात चाल आधीच बसलेली असते, शब्द आले की पोटात गोळा येतो. संगीताने हे जे करता येतं ते नुसत्या संवादाने होत नाही, म्हणून म्युझिकल करायचं.

जुनी_तालीम

मी थोडा व्यावहारिक बोलतो. पाऊण तास, चाळीस मुलं आणि सगळं नव्याने लिहायचं हे फार होतंय असं वाटत नाही का? तयार म्युझिकल घ्यावं ह्या मताचा मी आहे, बायबलमधल्याच योसेफ आणि त्याच्या भावांच्या गोष्टीवरची चांगली आहेत, स्कोअर म्हणजे लिहिलेलं संगीत तयार, साथीचं रेकॉर्डिंग तयार, मुलांच्या आवाजाला जमेल अशी केलेली आवृत्तीसुद्धा मिळते. फक्त एक लक्षात ठेवा, तयार म्युझिकलचा प्रयोग करायला हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आणि फी लागते, शाळेचं आहे, तिकीट नाही म्हणून आपोआप सूट मिळेल असं गृहीत धरू नका. गाणी कापायची, भाषांतर करायचं, मुलाच्या जागी मुलगी घ्यायची तरी विचारावं लागतं. आणि प्रयोगाचा व्हिडिओ टाकायचा असेल तर तो हक्क बहुतेक वेळा वेगळा असतो, प्रयोगाच्या परवानगीत धरलेला नसतो.

स्वतःचंच लिहिणार असाल तर गोष्ट कुणाच्या मालकीची नाही, पण बायबलच्या आधुनिक भाषांतराचे शब्द जसेच्या तसे गाण्यात घेतले तर त्या भाषांतराला कॉपीराइट असू शकतो, तेव्हा वाचा, बंद करा आणि आपल्या शब्दांत लिहा. सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर नवे शब्द बसवायचा मोह पोरांना होणारच, तो पहिल्या दिवशीच मोडा.

संगीतवर्ग

विंगेतून, वाचून अंगावर काटा आला. पळण्याचं कारण चौथ्या अध्यायात आहे हे मी इतक्या वेळा वाचूनही असं वेगळं काढून बघितलं नव्हतं. उद्याच मोठ्या मुलांबरोबर बसते.

जुनी_तालीम, तयार घ्यायचं नाहीये कारण मुलांनी स्वतः लिहिण्यातच ह्या सगळ्याचा जीव आहे. दोन गाणी झालीयेत आणि ती खरंच चांगली झालीयेत. पण वेळेची काळजी तुमच्यासारखी मलाही आहे. सध्या यादीत अकरा गाणी आहेत.

जुनी_तालीम

अकरा म्हणजे पाऊण तासात नुसती गाण्यांची रांग. सातच्या वर जाऊ नका. जिथे पात्राला बोलून भागत नाही तिथेच गाणं, बाकी संवाद. मुलांनी लिहिलंय म्हणताय तर माझा आग्रह मागे, आणि छोटं असण्याची लाज बाळगू नका. योसेफवरचं जे म्युझिकल जगभर गाजलं, अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस ह्यांचं, ते १९६८ साली लंडनच्या एका शाळेतल्या मुलांसाठी पहिल्यांदा झालं तेव्हा सगळं मिळून पंधराएक मिनिटांचं होतं. वाढलं ते नंतर.

कोरस_ताई

वादळाबद्दल कुणीच बोलत नाहीये आणि मला तर योना म्हटलं की आधी वादळच ऐकू येतं! सतराव्या शतकात कारिस्सिमी नावाच्या इटालियन संगीतकाराने ह्याच गोष्टीवर ओरेटोरिओ, म्हणजे अभिनयाशिवाय नुसतं गाऊन सांगायचं धार्मिक कथानक, लिहिला, त्यात वादळासाठी त्याने कोरसचे दोन भाग केले आणि ते एकमेकांवर तुटून पडल्यासारखे आळीपाळीने गातात, वारा इकडून वारा तिकडून. ही युक्ती चाळीस मुलांसाठी अगदी फुकट मिळालेली आहे. वीस डाव्या बाजूला, वीस उजव्या बाजूला, एक छोटी ओळ, आधी सावकाश आळीपाळीने, मग अंतर कमी करत करत शेवटी एकावर एक. दोन-तीन स्वरांपेक्षा जास्त लागत नाही, आणि सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी वादळात खपतो. ज्या मुलांना आपल्याला गाता येत नाही असं वाटतं ती पोरं इथे सगळ्यात जोरात असतात.

आवाजासाठी वस्तू वापरा. बेंजामिन ब्रिटनने १९५८ मध्ये नोहाच्या जलप्रलयावर मुलांसाठी ऑपेरा केला त्यात पावसाचे पहिले थेंब म्हणजे दोरीला टांगलेले चहाचे मग, चमच्याने वाजवलेले. मुलांना सांगा तुमच्या आजूबाजूला वादळ शोधा, पत्रा, प्लास्टिक, तळहात, मांड्या, शिट्टीशिवाय नुसता श्वास. रेकॉर्ड केलेला गडगडाट लावलात तर चाळीस मुलं स्टेजवर नुसती डुलत उभी राहतील, स्वतः वादळ केलं तर ती वादळ होतात. आणि खलाशी त्याला टाकायला तयार नव्हते हे विसरू नका, आधी ते जिवाच्या आकांताने वल्ही मारून किनारा गाठायला बघतात, हे परके, प्रत्येक जण आपापल्या देवाचा धावा करणारे, आणि तरी एका अनोळखी माणसाचा जीव वाचवायला धडपडतात. त्या वल्ह्यांना एक ताल द्या, तो ताल जड होत जाऊ दे.

आता आवाज फुटणाऱ्या मुलाचं. त्याला काढू नका, त्याच्यासाठी गाणं बदला. त्या वयात त्याच्याकडे पाच-सहा स्वर धड असतात आणि ते महिन्याभरात सरकतात, म्हणून त्याची गाणी त्या पाच-सहा स्वरांतच बांधा आणि पट्टी, म्हणजे हार्मोनियमच्या कुठल्या स्वराला सा धरायचा ते, शेवटच्या आठवड्यापर्यंत मोकळी ठेवा, आज काळी एक असेल तर प्रयोगाला पांढरी सहापर्यंत उतरावं लागेल. तुमची वाद्यं जिवंत आहेत म्हणून हे जमतं, रेकॉर्डेड ट्रॅक असता तर हात बांधले गेले असते. कीबोर्डवाल्या मुलाला सगळी गाणी दोन-तीन पट्ट्यांत वाजवायची सवय करा. कोरसला मात्र त्याच्या पट्टीत ओढू नका, मुलींना काळी चारच्या आसपास मोकळं वाटतं, त्यांना खाली गायला लावलं की आवाज बसतो आणि शब्द कळत नाहीत. जिथे दोघं एकत्र आहेत तिथे त्याने बोलल्यासारखं म्हणावं, वर कोरस. योना तसाही चिडका माणूस आहे, त्याने प्रत्येक ओळ गोड गायलीच पाहिजे असं काही नाही. आणि एक डबल, म्हणजे गरज पडली तर योना करू शकेल असा दुसरा मुलगा, तयार ठेवा, आधीपासून, दोघांनाही माहीत असू दे.

रविवारची_शाळा

मी चर्चमध्ये मुलांना शिकवते आणि ही गोष्ट दरवर्षी सांगते, त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता नाटकाचा विषय नाही. एवढंच सांगते की योनाला विदूषक करू नका. मुलांच्या कार्यक्रमात तो नेहमी धडपडणारा, माशाच्या पोटात नाक दाबणारा असा असतो आणि लोक हसतात. दुसरा अध्याय जवळजवळ सगळा प्रार्थना आहे, स्तोत्रासारखी, पाण्याने मला गळ्यापर्यंत वेढलं, शेवाळ डोक्याला गुंडाळलं, असं बुडणाऱ्या माणसाचं बोलणं आहे ते. तिथे गमती नकोत. गमत हवी असेल तर ती पुस्तकाने स्वतः दिलीये, निनवेचा राजा हुकूम काढतो की माणसांबरोबर जनावरांनीही उपास करायचा आणि गोणपाट पांघरायचं. गोणपाट पांघरलेल्या गाई-मेंढ्या करायला तुमची लहान मुलं जीव टाकतील, आणि प्रेक्षक हसले तरी गोष्टीचा अपमान होत नाही, कारण शेवटच्या प्रश्नातही ती जनावरं येतातच. देव विचारतो, उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि इतकी जनावरं असलेल्या शहराची मी दया करू नये काय?

देवाच्या आवाजाबद्दल माझं मत, एका पुरुषाचा घुमणारा आवाज मागून स्पीकरवर नको. त्याने देव म्हणजे रागावलेला हेडमास्तर होतो. चार-पाच मुलांचा छोटा गट, मुलगे-मुली दोन्ही, एकाच स्वरात, साधं, माईकशिवाय, प्रेक्षकांच्या मधून किंवा मागून. देव दिसू नये, ऐकू यावा. आणि तो योनाशी शेवटी किती समजुतीने बोलतो ते बघा, रागावणं तुला बरं दिसतं का, असं दोनदा विचारतो. ओरडत नाही.

अजून एक, तुमच्याकडे वेगवेगळ्या घरांतली मुलं असतील. ज्यू लोकांत योनाचं पुस्तक योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत वाचतात, आणि कुराणात तेच पैगंबर यूनुस, त्यांच्या नावाचा सूरा म्हणजे अध्यायही आहे. म्हणजे बऱ्याच घरांना ही गोष्ट आपली वाटेल, पण काही मुस्लिम घरांत पैगंबराची भूमिका माणसाने करणं बरोबर मानत नाहीत. पालकांशी पात्रवाटपाच्या आधी बोला, मुलाला भूमिका देऊन मग काढून घेणं फार वाईट.

नेपथ्यवाला

मासा. सगळे थोर बोलून झाले आता काम करू.

थर्माकोलचा मासा करू नका. तो आत येतो तेव्हा लोक टाळ्या वाजवतात, त्यानंतर तो नुसता जागा अडवतो, आणि तुम्हाला बाहेरून मासा दाखवायचाच नाहीये, आतून दाखवायचाय. वादळातल्या कोरसमधली दहा-बारा मुलं घ्या, प्रत्येकाच्या हातात वाकवलेला पातळ पीव्हीसी पाईप, दोन रांगांत समोरासमोर उभं राहून पाईप वर एकमेकांना भिडवले की झाल्या बरगड्या. वरून पातळ जाळीदार कापड, जड नको. मुलांनी एकत्र श्वास घ्यायचा, श्वासाबरोबर पाईप वर जातात, सोडला की खाली. योना मध्ये. एक लाईट मागून खालच्या बाजूने लावा, बरगड्यांच्या सावल्या मागच्या पडद्यावर पडतील आणि त्याच मोठ्या होऊन मासा दिसेल. समोरून जवळजवळ काही नको, योनाच्या चेहऱ्यापुरता एक मंद स्पॉट, नाहीतर प्रार्थना कोण म्हणतोय ते कळत नाही.

कापड कुणाच्याही तोंडावर येता कामा नये, ह्याची जबाबदारी एका मोठ्या माणसाकडे द्या. काळोखात मुलं हलणार असतील तर जमिनीवर चमकणाऱ्या टेपच्या खुणा, पाईपच्या टोकांना कापड गुंडाळून टेप. धुराचं मशीन मला आवडत नाही, दम्याचं एखादं मूल असतंच आणि हॉलचा फायर अलार्म वाजला तर सगळंच संपलं. वापरायचंच असेल तर हॉलवाल्यांना विचारून.

गोणपाट खरं घेतलंत तर आतून सुती अस्तर शिवा, अंगाला चावतं आणि पोरं गाताना खाजवत बसतात. आणि गोणपाटाचा धूळवास नाकात जातो, आधी उन्हात टाका.

वेलासाठी वरून काही सोडू नका, दोरी अडकते. एक मुलगी हिरव्या कापडाचा गुंडाळा घेऊन योनाच्या मागे येते, काठीवर उलगडते, सावली पाडते, आणि दुसरी लहान मुलगी किडा होऊन ते कापड हळूहळू ओढून नेते. योनाला सावली दिसते तेव्हाचा आनंद खरा दिसला पाहिजे, पुस्तकात तो फक्त त्या वेलामुळेच खूश होतो असं दिसतं, त्याच्या डोळ्यांदेखत शहर वाचलं तेव्हा नाही.

कोरस_ताई

रविवारची_शाळा, देवाच्या आवाजाचा गट आवडला. पण शेवटावर मी विंगेतूनशी अर्धी सहमत आहे. चौथा अध्याय ठेवा, नक्की ठेवा, पण प्रश्नानंतर चाळीस मुलांना एक गाणं द्या ना. तासभर घाम गाळून आलेली मुलं, त्यांचे आईवडील समोर, आणि शेवट प्रश्नावर अंधार? मुलांना टाळ्यांच्या आधी एकदा पोटभर गायचं असतं. एक छोटं समूहगीत, ज्यात योना उठून शहराकडे चालू लागतो.

विंगेतून

ताई, मुलांनी पोटभर गायलाच पाहिजे ह्याच्याशी सहमत, पण ते गाणं निनवेला द्या, योनाला नको. शहर वाचतं तिथे दणदणीत समूहगीत होऊ दे, नाचा, गोणपाट फेका, जनावरं उड्या मारू देत, संगीतवर्गच्या सहकाऱ्यांना हवा असलेला शेवट तिथे सगळा वसूल करा. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की संपलं, टाळ्या वाजल्या तरी चालतील. आणि त्या टाळ्यांत योना एकटा न नाचता उभा दिसला पाहिजे. म्हणजे पुढचा भाग जोडलेला वाटणार नाही, लोक स्वतःच विचारतील ह्याला काय झालं?

योना उठून शहराकडे चालू लागला की तुम्ही त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकलंत. पुस्तक लिहिणाऱ्याला ते येत नव्हतं असं नाही, त्याने मुद्दाम सोडलंय. ऐकणाऱ्याने आपलं उत्तर द्यावं म्हणून सोडलंय असं मी मानतो, आणि ती जागा मी प्रेक्षकांकडून काढून घेणार नाही. तुम्ही म्हणता अंधार, तर अंधारही नको. निनवेचे सगळे लोक, तीच मुलं, मागे शहरात आपापली कामं करत राहू देत, कुणी पाणी भरतंय, कुणी लहान मुलाला चालायला शिकवतंय, आणि प्रश्न विचारला जातो तेव्हा ते सगळे आपल्याला दिसतायत. एक लाख वीस हजार हा आकडा कुणाच्या मनाला लागत नाही, पण मागे दिसणारी चाळीस ओळखीची पोरं लागतात.

आणि म्हणूनच खलाशी आणि निनवेकर तीच मुलं असू देत, वेषही फारसा बदलू नका. ज्यांनी त्याला वाचवायला वल्ही मारली तेच चेहरे आता शहरात आहेत.

रविवारची_शाळा

हे फार सुंदर आहे. खलाश्यांचे चेहरे निनवेत, हे मला कधीच सुचलं नसतं. कोरस_ताई, तुमचं समूहगीत पडदा पडल्यावर प्रेक्षकांना वंदन करताना घेता येईल की, तेव्हा योनाही गाईल, पण तेव्हा तो योना नसेल, मुलगा असेल.

कोरस_ताई

हो, हे मला पटलं. वंदनाला निनवेचंच गाणं पुन्हा घ्या, नवीन गाणं बसवायचंही वाचलं.

संगीतवर्ग

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मोठ्या मुलांबरोबर बसले. लाखीशचे फोटो दाखवले, योना करणारा मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला मॅडम मी पण गेलो नसतो. दुसरी मुलगी म्हणाली पण तिथे लहान मुलं पण असतील ना. मग जे भांडण सुरू झालं ते तास संपला तरी थांबेना, मी मध्ये बोललेच नाही, सगळं वहीत उतरवून घेतलं कारण चौथ्या अध्यायातलं गाणं ह्या वाक्यांतूनच लिहायचं असं मुलांनीच ठरवलं. सहकारीही तिथे होते, कापायचा विषय आता कुणी काढत नाहीये.

गाणी सातवर आली: पळणं, वादळ, बरगड्यांमधली प्रार्थना, निनवेत चाळीस दिवसांची दवंडी, राजाचा हुकूम, शहर वाचल्याचं समूहगीत आणि योनाचं रागाचं गाणं. देवाच्या प्रश्नाला गाणं म्हणत नाहीये, तो पाच मुलांचा गट एका स्वरात म्हणेल. बिनशब्दांची धून पळण्यातच एकदा ऐकवावी का जहाजावर पहिल्यांदा?

विंगेतून

जहाजावर पहिल्यांदा, प्रश्न विचारल्यावरच. पळण्याच्या गाण्यात वेग हवा, तिथे ती दबून जाईल. आणि दवंडी एकदम छोटी ठेवा, पुस्तकात योनाचा उपदेश एका ओळीचा आहे, चाळीस दिवसांनी निनवेचा नाश होईल. त्याला मनापासून सांगायचंच नव्हतं, तेव्हा त्याने ती ओळ रस्त्यातून चालता चालता, कुणाकडे न बघता म्हणावी, आणि गाणं लोकांनी उचलून मोठं करावं.

नेपथ्यवाला

पाईपच्या तालमी आत्तापासून घ्या, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. एका श्वासात हात हलायला मुलांना वेळ लागतो. आणि टेक्निकल तालमीच्या दिवशी गाणी पूर्ण म्हणायला लावू नका, लाईट बदलतो तेवढाच भाग घ्या आणि पुढे जा, नाहीतर प्रयोगाआधीच गळे बसतील.